प्राइड टेप: हॉकी स्टिकवरची इंद्रधनुषी पट्टी

बर्फावरची हॉकी खेळणारा जवळजवळ प्रत्येक खेळाडू स्टिकच्या पात्याला कापडी चिकटपट्टी गुंडाळतो. पक म्हणजे कडक रबराची चकती गुळगुळीत पात्यावरून घसरू नये, ती ताब्यात राहावी आणि पात्याची झीज कमी व्हावी, हा तिचा उपयोग. ही पट्टी बहुधा काळी किंवा पांढरी असते. प्राइड टेप ही याच कामाची पट्टी आहे, पण तिच्या रुंदीत लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा असे सहा रंग एकमेकांशेजारी लांबीभर धावतात. समलिंगी आणि अन्य लैंगिक अल्पसंख्य खेळाडूंना आपला पाठिंबा आहे, हे स्टिक हातात धरणाऱ्याला एकही शब्द न बोलता सांगता यावे, यासाठी ती तयार झाली. कॅनडा-अमेरिकेत ज्या मराठी घरांतली मुले पहाटे उठून रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, जातात, त्या घरांसाठी हे परीक्षण मुख्यतः लिहीत आहे, कारण आमच्या घरी ही पट्टी यू-१५ म्हणजे पंधरा वर्षांखालील गटात खेळणाऱ्या मुलाने स्वतः मागितल्यामुळे आली.

आधी वस्तू म्हणून तिच्याविषयी. कापड चांगले आहे, पट्टी हाताने आडवी सरळ फाटते आणि पात्याच्या वळणावर चुण्या न पडता बसते. चिकटपणा नेहमीच्या चांगल्या काळ्या पट्टीइतकाच आहे. ओल्या बर्फावर बराच वेळ खेळल्यानंतर टोकाकडची कड थोडी सुटते, पण तसे सर्वच कापडी पट्ट्यांचे होते आणि वरून मेण घासले तर तीही तक्रार बरीच कमी होते. खरी अडचण गुंडाळण्याच्या पद्धतीत आहे. टाचेकडून टोकाकडे जाताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा, ही मुलांच्या हाताला लागलेली सवय असते. तसे केले की प्रत्येक वेढ्यातले निम्मे रंग झाकले जातात आणि पात्यावर तीनच रंग पुन्हा पुन्हा दिसत राहतात. सहाही रंग दिसायला हवे असतील तर वेढे जेमतेम कडेवर कड येईल इतकेच चढवावे लागतात, आणि मग पकड किंचित कमी होते. शिवाय पकचे काळे रबर पात्याच्या मधोमध घासून तिथले रंग लवकर मळतात. काळ्या पात्यावर काळा पक गोलरक्षकाला उशिरा दिसतो, असे मानून काळीच पट्टी वापरणारे खेळाडू पुष्कळ आहेत, आणि आमच्या मुलाचाही तोच आग्रह होता. त्याने शेवटी तोडगा असा काढला की पात्याला काळी पट्टी आणि दांड्याच्या वरच्या टोकाला, जिथे मुठीसाठी गाठ करतात तिथे, प्राइड टेप. तिथे पक लागत नाही, रंग टिकतात आणि स्टिक भिंतीला टेकवून ठेवली की सर्वांत आधी तेच नजरेस पडतात. साध्या पट्टीपेक्षा ती महाग आहे. मात्र मिळणारे उत्पन्न लैंगिक अल्पसंख्य मुलांसाठीच्या उपक्रमांकडे जाते, हे लक्षात घेतले तर मला ती किंमत खटकत नाही.

ही पट्टी अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन शहरात जन्मली. अल्बर्टा विद्यापीठात लैंगिक अल्पसंख्यांच्या प्रश्नांवर काम करणारे क्रिस्टोफर वेल्स, जे पुढे २०२४ मध्ये कॅनडाच्या सिनेटचे सदस्य झाले, आणि त्याच शहरातले जाहिरात क्षेत्रातले काही जण यांनी मिळून ही कल्पना आकाराला आणली. पहिल्या उत्पादनासाठीचा पैसा २०१५ च्या अखेरीस किकस्टार्टर या संकेतस्थळावर सुरू झालेल्या लोकवर्गणीतून उभा राहिला. जानेवारी २०१६ मध्ये एडमंटन ऑइलर्स या व्यावसायिक संघाच्या खेळाडूंनी आपल्या वार्षिक कौशल्य स्पर्धेत ती स्टिकला लावली, आणि एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगमधल्या संघाने ती वापरण्याची ती पहिली वेळ होती. त्या खेळाडूंत अँड्र्यू फेरन्स होता, ज्याने आपला पाठिंबा त्याआधीही उघडपणे दाखवला होता. पुढे लीगमधल्या जवळपास सर्व संघांनी ‘प्राइड नाइट’ सुरू केल्या, आणि सामन्याआधीच्या सरावात स्टिकवर ही पट्टी आणि अंगात इंद्रधनुषी रंगांची जर्सी हे दृश्य नेहमीचे झाले.

या पट्टीचे मोल मला नीट कळले ते २०२३ च्या घटनांमुळे. १७ जानेवारी २०२३ रोजी फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या प्राइड नाइटला इव्हान प्रोवोरोव्ह या खेळाडूने धार्मिक श्रद्धेचे कारण देऊन ती जर्सी घालायला नकार दिला आणि तो सरावाला उतरलाच नाही. नंतर सामना मात्र खेळला. त्याच संघातल्या स्कॉट लॉटन आणि जेम्स व्हॅन रीम्सडाइक यांनी त्याच संध्याकाळी लैंगिक अल्पसंख्य तरुणांना सामन्याला बोलावले होते आणि सामन्यानंतर ते त्यांना भेटले. एकाच ड्रेसिंग रूममधल्या या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. पुढच्या काही महिन्यांत आणखी काही खेळाडूंनी नकार दिला, काही संघांनी जर्सीचा बेतच सोडून दिला, आणि जूनमध्ये लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी जाहीर केले की यापुढे कोणत्याही विशेष विषयाची जर्सी सरावात घातली जाणार नाही, कारण तिच्यावरून होणाऱ्या वादामुळे मूळ हेतूवरून लक्ष उडते. हा निर्णय फक्त प्राइड नाइटपुरता नव्हता. सैनिकांच्या किंवा कर्करोगग्रस्तांच्या सन्मानार्थ घालायच्या जर्सीही त्यात गेल्या.

ऑक्टोबरमध्ये नवा मोसम सुरू होताना संघांकडे जी सूचना गेली तिच्यात प्राइड टेपवरही बंदी आली. लीगच्या स्वतःच्या नियमपुस्तकात दहाव्या नियमाखाली स्पष्ट लिहिले आहे की स्टिकला कोणत्याही रंगाची चिकटपट्टी कुठेही गुंडाळता येते. गोलरक्षकाच्या स्टिकच्या टोकाच्या गाठीसाठी पांढऱ्या पट्टीचा खास उल्लेख आहे, बाकी खेळाडूंना रंगाची मोकळीक आहे. म्हणजे खेळाच्या नियमात जिला जागा होती ती पट्टी केवळ तिच्या अर्थामुळे बाद ठरली. पुण्याच्या आजीने व्हिडिओ कॉलवर नातवाच्या स्टिकवरचे रंग पाहून पहिला प्रश्न हाच विचारला होता, “पंच चालू देतात का रे हे?” आमच्या मुलाच्या सामन्यांत कोणाही पंचाने तिला हरकत घेतलेली नाही, पण त्या ऑक्टोबरमध्ये एनएचएलच्या खेळाडूला याचे उत्तर ‘हो’ असे देता आले नसते.

मग २१ ऑक्टोबर २०२३ रोजी ॲरिझोना कायोटीजचा बचावपटू ट्रॅव्हिस डर्मॉट अनाहाइम डक्सविरुद्धच्या सामन्यात दांड्याच्या वरच्या भागाला ही पट्टी गुंडाळून खेळला. तो संघाचा तारा नव्हता, त्याची जागाही पक्की नव्हती, म्हणूनच त्याच्या या कृतीला मी विशेष मानतो. तीन दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, खेळाडूंच्या संघटनेशी आणि सर्वांना खेळात सामावून घेण्यासाठी काम करणाऱ्या खेळाडूंच्या गटाशी चर्चा करून लीगने बंदी मागे घेतली आणि ज्याला हवे तो खेळाडू मोसमभर स्टिकवरच्या पट्टीतून सामाजिक भूमिका मांडू शकेल, असे जाहीर केले.

जर्सी परत आली नाही. पट्टी परत आली. मला यात योग्य तेच घडले असे वाटते, आणि या वस्तूची शिफारस करण्याचे माझे मुख्य कारणही हेच आहे. जर्सी संघव्यवस्थापन सर्वांना देते. ती घातली तर मनातून घातली की आदेश म्हणून, हे प्रेक्षकाला कळत नाही, आणि नाकारली तर सगळी चर्चा नाकारणाऱ्याभोवती फिरते. पट्टी मात्र ज्याची त्याने, बाकावर बसून, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्टिकला लावायची असते. वीस खेळाडूंपैकी चौघांनी लावली तर ते चौघे कोण हे नेमके दिसते. व्यावसायिक खेळात दृष्टिकोन किती बदलला हे मोजायचे असेल तर मला सक्तीच्या जर्सीपेक्षा ही स्वेच्छेची पट्टी अधिक विश्वासार्ह वाटते.

अर्थात या बदलाची किंमत काही माणसांनी फार आधी मोजली आहे. टोरांटो मेपल लीफ्सचे तेव्हाचे सरव्यवस्थापक ब्रायन बर्क यांचा धाकटा मुलगा ब्रेंडन याने नोव्हेंबर २००९ मध्ये आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. ओहायोतल्या मायामी विद्यापीठाच्या हॉकी संघाच्या व्यवस्थापनात तो विद्यार्थी म्हणून काम करत होता. फेब्रुवारी २०१० मध्ये बर्फाळ रस्त्यावर झालेल्या मोटार अपघातात एकविसाव्या वर्षी तो गेला. त्याच उन्हाळ्यात त्याचे वडील टोरांटोच्या प्राइड मिरवणुकीत चालले, आणि भाऊ पॅट्रिक याने २०१२ मध्ये खेळात लैंगिक अल्पसंख्यांना समान जागा मिळावी यासाठी काम करणारी ‘यू कॅन प्ले’ ही संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला. हॉकीच्या जगात कठोर, जुन्या वळणाचे म्हणून ओळखले जाणारे ब्रायन बर्क २०२३ मध्ये जर्सीबंदीच्या विरोधात उघड बोलले. आपल्या मुलाने काही सांगितले तर बापाने कसे उभे राहावे, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांनी या कुटुंबाविषयी जरूर वाचावे. मराठी बापांनी तर आवर्जून.

एडमंटनच्याच ल्यूक प्रोकॉपने जुलै २०२१ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, आपण समलिंगी असल्याचे सांगितले. नॅशव्हिल प्रेडेटर्सशी त्याचा करार झालेला होता, आणि एनएचएल संघाशी करार असताना असे जाहीर करणारा तो पहिलाच खेळाडू. तरीही एनएचएलच्या प्रत्यक्ष सामन्यात उघडपणे समलिंगी असलेला खेळाडू अद्याप उतरलेला नाही. महिलांच्या हॉकीत चित्र अगदी वेगळे आहे: २०१८ चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी संघाची कर्णधार मेगन डगन आणि तिच्याविरुद्ध ऑलिंपिक अंतिम सामने खेळलेली कॅनडाची जिलियन ॲप्स यांनी त्याच वर्षी लग्न केले आणि चाहत्यांनी त्यांचे कौतुकच केले. पुरुषांच्या ड्रेसिंग रूमला तेवढे अंतर अजून कापायचे आहे.

यामुळेच या पट्टीकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही सांगायला हवे. हॉकी कॅनडा या तिथल्या राष्ट्रीय हॉकी संघटनेने २०२१-२२ च्या मोसमापासून मैदानावरच्या भेदभावाच्या घटनांची नोंद प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्या पहिल्याच अहवालात नऊशेहून अधिक घटना होत्या, आणि पंचांनी दिलेल्या शिक्षांपैकी निम्म्याहून अधिक लैंगिक कल वा लिंगओळख यांवरून केलेल्या शिवीगाळीसाठी होत्या. वंशावरून झालेल्या शिवीगाळीपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे, याचे मला एक स्थलांतरित पालक म्हणून आश्चर्य वाटले. मुलांच्या तोंडी ‘गे’ हा शब्द शिवी म्हणून किती सहज येतो, हे रिंकच्या कठड्याशी उभे राहणाऱ्या कोणत्याही पालकाने ऐकलेले असते. ते थांबवायला पट्टी पुरत नाही. तिथल्या तिथे कोणीतरी बोलावे लागते. क्रिकेटमधले उदाहरण आपल्या वाचकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये सेंट लुसियातल्या कसोटीत वेस्ट इंडीजचा गोलंदाज शॅनन गॅब्रिएल फलंदाजी करणाऱ्या इंग्लंडच्या कर्णधाराला, जो रूटला, काहीतरी बोलला. गॅब्रिएलचे शब्द स्टंपच्या मायक्रोफोनवर आले नाहीत, रूटचे उत्तर मात्र आले: याचा अपमान म्हणून वापर करू नकोस, समलिंगी असण्यात काही गैर नाही. गॅब्रिएलवर चार एकदिवसीय सामन्यांची बंदी आली. रूटच्या बॅटवर त्या दिवशी कोणतीही रंगीत पट्टी नव्हती, आणि त्याने शतक पूर्ण केले.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे की पट्टी घ्या, पण मुलाने मागितल्याशिवाय त्याच्या स्टिकला लावू नका. ती लावल्यावर सहकारी विचारतील, काही जण चिडवतील, आणि उत्तर मुलाला एकट्याने द्यावे लागेल. त्या उत्तराची त्याची तयारी नसेल तर आपल्या मतासाठी आपण त्याला पुढे केले, असे होईल. मुलाने मागितली तर मात्र कारण विचारत बसू नये. तो स्वतःसाठी मागत असेल, मित्रासाठी मागत असेल किंवा केवळ रंग आवडले म्हणून मागत असेल; तिन्ही वेळा उत्तर एकच द्यावे. प्रशिक्षक असलेल्या मराठी मित्रांनी तिचा एक रोल संघाच्या सामानात, काळ्या-पांढऱ्या रोलशेजारी, मोकळा ठेवावा, म्हणजे ज्याला हवी त्याला मागावी लागणार नाही.

पट्टी ऑनलाइन मागवता येते. हॉकीच्या सामानाच्या दुकानांत ती असेलच असे नाही. आमच्या भागातल्या एका दुकानात विचारल्यावर विक्रेत्याने “ते तसले आम्ही ठेवत नाही” असे उत्तर दिले, तर दुसऱ्या दुकानात ती गल्ल्याशेजारीच मांडलेली होती. मोसम सुरू होण्याआधी मागवून ठेवावी, आणि पात्याला लावायची असल्यास एक रोल जास्तीचा घ्यावा, कारण वर सांगितल्याप्रमाणे मधले रंग लवकर मळतात आणि पट्टी वारंवार बदलावी लागते. कंपनीने रंगांचे पट्टे लांबीऐवजी रुंदीच्या दिशेने छापलेला एखादा प्रकारही काढावा, म्हणजे अर्धा वेढा चढवूनही सहाही रंग दिसतील आणि मुलांना पकडीशी तडजोड करावी लागणार नाही.