दोन बल्ब, एक कळ आणि एक चुकीची पुस्तिका: सांगलीत घेतलेला विद्युत परिपथ संच

सहावीत शिकणाऱ्या मुलीसाठी मी गेल्या महिन्यात सांगलीच्या गणपती पेठेतील एका दुकानातून विद्युत परिपथाचा संच ३५० रुपयांना घेतला. त्यात दीड व्होल्टच्या दोन सेलचा होल्डर, टॉर्चचे अडीच व्होल्टचे दोन बल्ब, एक कळ, क्लिप लावलेल्या वायरी, तांबडे एलईडी आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मिळते. क्लिपा घट्ट बसतात आणि बल्बचे होल्डर उघडे असल्यामुळे विद्युतधारा कोणत्या पत्र्यातून शिरते व कोठून बाहेर पडते, हे मुलांना डोळ्यांनी पाहता येते.

संचाचे मोल कळते ते दुसरा बल्ब जोडताना. एकसर जोडणीत, म्हणजे बल्ब एकापुढे एक असे एकाच वाटेवर जोडले की, तीन व्होल्ट दोघांत निम्मे वाटले जात असल्याने दोन्ही बल्ब मिणमिणतात आणि एक सैल केला की दुसराही विझतो. ते पाहताच मुलीला गणपतीपुढे लावायची आमची जुनी माळ आठवली. ६ व्होल्टचे सुमारे ४० बल्ब एकसर जोडून ती २३० व्होल्टवर चालते, त्यामुळे एका बल्बची तार तुटली की सारी माळ का विझते, हे तिला वेगळे सांगावे लागले नाही. समांतर जोडणीत, म्हणजे प्रत्येक बल्ब सेलला स्वतंत्र वाटेने जोडला की, मात्र प्रत्येक बल्बला पूर्ण तीन व्होल्ट मिळतात आणि एक काढला तरी दुसरा तसाच उजळ राहतो. घरातील दिवे व पंखे याच रीतीने जोडलेले असतात.

सोबतच्या पुस्तिकेबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. एकसर जोडणीत पहिला बल्ब काही धारा ‘वापरतो’ आणि उरलेली दुसऱ्याकडे जाते, असे तीत छापले आहे. मी धारा मोजणारा मल्टिमीटर पहिल्या बल्बच्या आधी, दोन्हींच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर असा तिन्ही ठिकाणी जोडून पाहिला. प्रत्येक वेळी ०.२२ अँपिअर हेच उत्तर आले. बल्बमध्ये खर्च होते ती ऊर्जा, धारा नव्हे. अनेक सुशिक्षित प्रौढांच्याही मनात असलेला हा गैरसमज मुलांच्या हातात छापील स्वरूपात देणे मला अक्षम्य वाटते.

दुसरा दोष असा की, एलईडी थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडण्याची आकृती दिली आहे. आमचा पहिला एलईडी क्षणात जळाला. तांबड्या एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात. उरलेले ७ व्होल्ट पेलायला ४७० ओहमचा रेझिस्टर (धारेला अडवणारा भाग) मध्ये घातला, तर धारा १५ मिलिअँपिअरच्या आसपास राहते. पिवळा, जांभळा आणि तपकिरी पट्टा असलेला हा रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतो. साहित्याच्या दर्जासाठी हा संच जरूर घ्यावा, परंतु रेझिस्टर सोबतच विकत घ्यावेत आणि पुस्तिकेतील ते पान मुलांसमोर बसून दुरुस्त करून द्यावे.