उपऱ्यांच्या सोबतीत आठ महिने: सहा पुस्तकांचा वापरानंतरचा अनुभव

पुस्तक वाचून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या अभिप्रायावर माझा फारसा विश्वास नाही. पुस्तक ताजं असताना सगळंच ग्रेट वाटतं. म्हणून हे मुद्दाम थांबून लिहितेय. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत मी एकाच तऱ्हेची पुस्तकं वाचली, काही दोनदा, एक तर चारदा. कुठंच न बसणाऱ्या, आतून बिनसलेल्या, घराबाहेर किंवा गावाबाहेर पडलेल्या माणसांची पुस्तकं. त्यातलं काय टिकलं आणि काय गळून गेलं, ते आता सांगता येईल.

मी चोपड्याची, जळगाव जिल्हा. बीएस्सीसाठी मुंबईला आले, लालबागला एका काकूंकडे पीजी म्हणून राहते. एका खोलीत आम्ही तिघी. पहिल्या वर्षी वर्गात ओळख करून देताना तोंडून ‘मला’ऐवजी आमच्याकडचं ‘मले’ निघून गेलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं आणि पुढं दोन महिने काही जणी मला ‘मले’ याच नावानं हाक मारायच्या. मी वर्गात बोलणं सोडलं. डबा जिन्यात बसून खायला लागले. त्या दिवसांत घरी फोनवर सगळं छान चाललंय म्हणायचे आणि फोन ठेवला की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. पुस्तकांकडे वळले ती त्यातून. आवड म्हणून नाही, गरज म्हणून.

सुरुवात ‘कोसला’नं झाली. भालचंद्र नेमाडे आमच्या जिल्ह्यातले, सांगवीचे, एवढ्या एका कारणावर दादरला जाऊन नवी प्रत घेतली. 1963 साली पहिल्यांदा आलेलं पुस्तक. खानदेशातल्या खेड्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, होस्टेलवर राहतो, मेस, गॅदरिंग, परीक्षा सगळ्यात हात घालतो, बापाचे पैसे उडवतो आणि शेवटी गावी परत येतो. गोष्ट म्हणून एवढीच. पण ते ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरत बोलणं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, की आमच्याकडचा माणूस पुस्तकात बसू शकतो आणि त्याला बसताना कपडे बदलावे लागत नाहीत. करी रोड ते सीएसएमटी वीसेक मिनिटांचा प्रवास. तेवढ्यात हे पुस्तक पुरत नाही. मी दोनदा स्टेशनवर उतरून बाकावर बसून पुढचं वाचलंय, लेक्चर बुडवून.

धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं आजही मला सलग वाचता येत नाहीत. माझा धाकटा भाऊ सातवीत आहे. पहिल्यांदा ती पानं वाचली त्या रात्री काकूंनी दहाला कडी लावल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन त्याला फोन केला. तो झोपेत होता. काय झालं गं ताई, म्हणाला. काही नाही, म्हटलं. मराठीत दुःखावर एवढं लिहिलं गेलंय, पण दुःख झालेला माणूस वेड्यासारखा हिशेब कसा करत बसतो, सगळ्यांवर कसा चिडतो, ते इतकं नागडं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

जुलैत एका संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना पाणी भरलं होतं. बॅग भिजली, पुस्तक चिंब. कुणाला उपयोग होईल म्हणून सांगते: उन्हात ठेवू नका, इस्त्री फिरवू नका. मी दर दहाएक पानांमध्ये टिश्यू घातला, तासातासाला बदलला, वर पोळपाट ठेवला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी पानं सुटी झाली. फुगलीत, काठाला पिवळी पडलीत, पण शिवण गेली नाही. पुढं ऑगस्टभर वास यायचा, तो आता गेला.

पुढचं ‘द कॅचर इन द राय’. सॅलिंजरचं, 1951 चं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी प्रत मिळाली. ‘कोसला’च्या जोडीला याचं नाव नेहमी घेतलं जातं, म्हणून घेतलं. शाळेतून काढून टाकलेला सोळा वर्षांचा होल्डन घरी न जाता न्यूयॉर्कमध्ये भटकत राहतो. त्याला सगळे खोटारडे वाटतात. ऑगस्टमध्ये मला वाटत होतं, हा माझा सख्खा भाऊ आहे. वर्गातल्या प्रत्येकीला मी मनातल्या मनात त्याचंच विशेषण लावत होते. आता फेब्रुवारीत पुन्हा वाचलं तेव्हा त्याची चिडचिड मला पूर्वीइतकी पटली नाही, पण त्याचा मेलेला भाऊ जास्त दिसला. ॲलीचा बेसबॉलचा हातमोजा, त्यावर हिरव्या शाईनं लिहिलेल्या कविता. मैदानात उभं असताना चेंडू आपल्याकडे येत नसेल तेव्हा वाचायला म्हणून त्यानं त्या लिहिलेल्या. होल्डन जगावर चिडलेला नाहीच, त्याचा भाऊ गेलाय आणि ते त्याला कुणाला सांगता येत नाहीये. पहिल्या वाचनात हे माझ्या हाती लागलं नव्हतं, कारण मी माझाच राग शोधत वाचत होते.

आणखी एक गोष्ट खटकली, ती लिहिलीच पाहिजे. होल्डन मध्यरात्री टॅक्सीत बसतो, बारमध्ये जातो, हॉटेलात खोली घेतो, बागेत बदकं शोधत फिरतो. पांडुरंगही रात्री-अपरात्री कुठंही असतो. जगावर रुसून भटकायला आधी रस्ता मोकळा लागतो. माझ्या दाराला दहाला कडी लागते. साडेनऊनंतर काकू गॅलरीत उभ्या राहतात. त्या काळजीनंच उभ्या राहतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एकटेपणा घेऊन मुलीनं जायचं कुठं? मी जिन्यात गेले. तेवढीच जागा होती.

म्हणून मी बाईनं लिहिलेलं शोधायला लागले आणि दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात ‘कळ्यांचे निःश्वास’ हातात आलं. ग्रंथसंग्रहालय 1898 चं, पुस्तक 1933 चं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर, पण ते खरं नाव नव्हे. मालतीबाई बेडेकरांनी त्या नावाआडून शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं लिहिलं आणि मराठी समाजात वादळ उठलं. ही बाई कोण, याचाच शोध सुरू झाला. भाषा जुनी आहे, काही कथा आज संथ वाटतात, दोन मी अर्धवट सोडल्या. पण एक विचार डोक्यातून जात नाही. पांडुरंग पहिल्याच ओळीत स्वतःचं नाव सांगतो. या मुलींचं दुःख सांगायला लिहिणारीलाच नाव लपवावं लागलं.

कामूच्या ‘आउटसायडर’बद्दल थोडक्यात. 1942 ची फ्रेंच कादंबरी, मी इंग्रजीतून वाचली. इंग्रजीत तिची दोन नावं चालतात, एक ‘स्ट्रेंजर’ आणि एक ‘आउटसायडर’. मराठीत आपण ‘परका’ म्हणू, ‘तिऱ्हाईत’ म्हणू किंवा ‘उपरा’ म्हणू, आणि तिन्हींत केवढा फरक आहे! कादंबरीचा नायक मर्सो परका आहे, उपरा नाही. आईच्या अंत्यविधीला तो रडला नाही, हे कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरलं जातं. वाचताना मी त्याच्या बाजूनं होते. मग ध्यानात आलं, की ज्या अरब माणसाला त्यानं किनाऱ्यावर गोळ्या घातल्या, त्याला पुस्तकभर नाव नाही. अल्जेरिया त्या अरबाचा देश, मर्सो तिथं राज्य करणाऱ्या फ्रेंचांपैकी. मग बाहेरचा कोण? हे सुचणारी मी पहिली नव्हेच. कामेल दाऊद या अल्जेरियन लेखकानं 2013 साली त्या मेलेल्या माणसाच्या भावाच्या तोंडून अख्खी कादंबरी लिहिलीय. ती अजून मिळालेली नाही, मिळाली की वाचणार आहे.

नोव्हेंबरात ‘उपरा’ आणलं आणि आधीची सगळी मांडणी विस्कटली. लक्ष्मण माने यांचं आत्मकथन, 1980 चं, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी मिळालेलं. कैकाडी समाज, गाढवांवर बिऱ्हाड, गावोगाव फिरून टोपल्या विणायच्या आणि विकायच्या. अशा घरातला बाप पोराला शाळेत घालायचं ठरवतो. पांडुरंग आणि होल्डन शाळा-कॉलेजच्या दारातून बाहेर पडतात, कारण आतलं त्यांना असह्य होतं. हा मुलगा त्याच दाराशी उभा आहे आणि त्याला आत यायचंय. गाव त्याला गावातला मानत नाही, आणि शिकला तर जातपंचायत त्याला आपला मानेल की नाही याचीही खात्री नाही. मी डबा जिन्यात खाते याचं मला जे वाटत होतं, ते खरंच होतं, ते मी आज कमी लेखत नाही. पण माझ्या हातात डबा होता. कॉलेजची फी बाबांनी एकरकमी भरली होती. ‘उपरा’तल्या भुकेची पानं वाचताना मी ट्रेनमध्ये पुस्तक मिटून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाहीये का गं?

ग्रंथालयाच्या त्या प्रतीत कुणीतरी पेन्सिलीनं कैकाडी शब्दांचे अर्थ समासात लिहून ठेवले होते. बारीक, नीटस अक्षर. त्या अनोळखी वाचकानं मला फार मदत केली. ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये हे मान्य, तरीही.

‘उपरा’ संपवून मी ‘आयदान’ घेतलं. ऊर्मिला पवारांचं, 2003 चं. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. कोकणातल्या महार घरात आई टोपल्या विणते, त्यावर संसार चालतो, आणि मुलगी पुढं मुंबईत येते, नोकरी करते, एमए करते, लिहायला लागते. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं यांचा सांधा त्या स्वतःच जोडतात. दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली आणि दोन्हीत टोपल्या. एकात वाटेवरच्या पालातल्या, एकात कोकणातल्या अंगणातल्या.

डिसेंबरमधली एक रात्र. मी कॉटवर ‘आयदान’ वाचत होते. माझी एक रूममेट संगमेश्वरकडची. तिनं मुखपृष्ठ पाहिलं आणि काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं कोपऱ्यात गेली, आमचे कांदे-बटाटे असायचे ती रोवळी तिनं रिकामी केली, झटकली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, “ही माझ्या आजीनं विणलेली आहे.” मग तिनं रोवळी उलटी केली आणि बूड दाखवलं. कामट्या कुठून सुरू होतात, वळताना कुठं दोन एकदम घ्यायच्या, काठ कुठं बांधतात. काठ बांधताना बोटं कापतात, म्हणाली. आजीच्या उजव्या अंगठ्याला कायमची चीर होती आणि दिवाळीत उटणं लावताना ती झोंबायची. तिला स्वतःला विणता येत नाही. आजीनं शिकू दिलं नाही. तू पुस्तक धर, म्हणायची.

दीड वर्ष ती रोवळी आमच्या खोलीत होती. मी रोज तिच्यातून कांदा काढत होते. मला कुणी विचारत नाही, कुणी बघत नाही, असं मी डायरीत पानंच्या पानं लिहिलं होतं, आणि मीही तिला तिच्या घराबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. ती मला चिडवणाऱ्यांत कधीच नव्हती. ती फक्त गप्प असायची आणि मी त्या गप्प बसण्याला शिष्टपणा समजत होते. त्या रात्री आम्ही तीनपर्यंत बोललो. मी तिला ‘मले’ची गोष्ट सांगितली. तिनं सांगितलं, पहिल्या वर्षी तिचं आडनाव ऐकल्यावर एकीनं गाव विचारलं, मग गावात घर कुठं आहे ते विचारलं. हा प्रश्न कशासाठी असतो ते आपल्याला सगळ्यांनाच कळतं. मला तो प्रश्न आयुष्यात कुणी विचारलेला नाही.

आता वापरणाऱ्यांसाठी. हे वाचणारं कुणी सध्या जिन्यात बसून डबा खात असेल, तर ‘कोसला’पासून सुरू करा. रडू येईल, येऊ द्या. ‘कॅचर’ लगेच घ्या, पण सहा महिन्यांनी परत एकदा वाचायचंच, नाहीतर अर्धंच वाचल्यासारखं आहे. ‘आउटसायडर’ मन फार खचलेलं असताना नको, मी ते चुकीच्या आठवड्यात वाचलं आणि चार दिवस कुणाशी बोलले नाही. तेवढ्यात दुसरी रूममेट जबरदस्तीनं परळला वडापाव खायला घेऊन गेली म्हणून बरं. आणि ही तीन वाचून थांबू नका. मी ऑक्टोबरात थांबले असते तर आजही वर्गातल्या प्रत्येकीवर चिडूनच असते. ‘उपरा’ आणि ‘आयदान’ लागोपाठ वाचा, शक्य असेल तर कुणाच्या तरी सोबत, मोठ्यानं. आम्ही ‘आयदान’ शेवटी तसंच संपवलं, ती वाचायची आणि मी भाजी निवडायची. कोकणातले शब्द तिच्या तोंडून ऐकताना कळतात ते छापलेल्या पानावर मला कळले नसते.

गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलला एका सरांनी प्रश्न विचारला आणि मी घाईत ‘मले वाटतं’ म्हणून उत्तर दिलं. एकदोघी हसल्या. उत्तर बरोबर होतं. मी वाक्य बदललं नाही.

‘उपरा’ची ग्रंथालयाची प्रत शनिवारी परत करायचीय, दोनदा मुदत वाढवून झालीय. स्वतःची प्रत घेतली आहे आणि समासातले सगळे अर्थ तिच्यात उतरवून घेतलेत, पेन्सिलीनंच. लालबाग-परळ भागात कुणाला हवी असेल तर नेऊन वाचा, ‘कॅचर’ही न्या. ‘कोसला’ मात्र मी देऊ शकणार नाही, त्याची पानं आता जपून उलटावी लागतात.