पायांची आग थांबवणारा डबा

मधुमेहामुळे तळपायांची आग होते म्हणून घरात कुणी ‘नसा मोकळ्या करणारी’ पावडर घेत असेल, तर हे वाचून डबा फेकू नका. तो डबा घेऊन डॉक्टरांकडे जा. असं का, ते सांगतो.

मे महिन्यात, चाकरमानी आलेले असताना, कुडाळजवळच्या आमच्या गावात देवळाच्या सभामंडपात ‘मोफत नस तपासणी शिबिर’ लागलं. आमच्या अण्णांचा मधुमेह जुना. रात्री पाठ टेकली की तळव्यांची आग, मुंग्या. पायावर चादरसुद्धा सोसवत नसे. शिबिरात हातात धातूची दांडी धरायला दिली, लॅपटॉपवरून कागदांची चळत काढली आणि सांगितलं, पायाच्या नसा 70 टक्के ब्लॉक! औषधाचे 18,500 रुपये, रोख. वर सल्ला, की डॉक्टरांच्या गोळ्या सोडा, त्यांनीच नसा सुकतात. पांढरा कोट आणि सोबत मालवणी बोलणारा मदतनीस. गावात विश्वास बसायला आणखी काय लागतं?

आणि गुण आला. खरी मेख इथेच आहे. थोड्याच दिवसांत अण्णा म्हणायला लागले, “माका आता झोप लागता. गुडघेय दुखनत नाय.” भूक वाढली, चेहरा भरला. शेजारच्या काकी म्हणाल्या, तब्येत सुधारली हो! मग तहान सुरू झाली, रात्री सारखं लघवीला उठणं. साखर तपासली तर 400 च्या वर.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला: नसांच्या औषधाने गुडघे कसे थांबले? त्यांचा संशय स्टेरॉइडवर होता. अशा बिनलेबलच्या पावडरींत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं याआधी सापडलेलं आहे. त्याने दुखणं उतरतं, भूक लागते, तोंड सुजतं आणि साखर भडकते. म्हणजे ज्या साखरेने मज्जातंतू बिघडले, तीच वाढवायची! शिवाय काही आठवडे ते पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं. मग एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. अण्णांचं औषध डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने उतरवलं.

तिथे खरी तपासणीही पाहिली. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ‘कळतंय का?’ विचारतात, ट्यूनिंग फोर्कने कंप जाणवतो का बघतात. दांडीबिंडी काही नाही. जीवनसत्त्व बी 12 सुद्धा तपासलं, कारण मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. आता साखरेच्या औषधांबरोबर मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन चालू आहे. आग पूर्ण गेलेली नाही, सुस्ती येते, पण झोप होते. काही जागी पायाला कळतच नाही, म्हणून अंगणातसुद्धा चप्पल. मे महिन्यातल्या तापलेल्या कातळावर फोड आला तरी समजायचा नाही.

डब्यावर ना परवाना क्रमांक, ना बॅच, ना मुदत. बिल मागितलं तेव्हा ‘शिबिरात बिल नसतं’ म्हणाले होते. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते, पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. आम्ही दोन्हीकडे केली. शिबिरवाल्यांचा फोन तेव्हापासून बंद आहे, आणि बॅनरचा फोटो गावात कुणाकडेच निघाला नाही. तुमच्याकडे असं शिबिर लागलं तर तो आधी काढून ठेवा, गाडीच्या नंबरासकट.