रेझिन देताना शेड कशी आहे ते विचारणारं दुकान

अंबड एमआयडीसीतल्या या दुकानातून मी तीन वर्षं रेझिन, म्हणजे फायबरवर लावला की कडक होणारा चिकट द्रव, घेतोय. काम पंचवटीत, गणपतीच्या मूर्तींसाठी फायबरचे साचे करायचं. साच्यांची घाई नेमकी नाशिकच्या थंडीत असते.

पहिल्याच खेपेला दुकानाच्या काकांनी विचारलं, "रेझिनचा लेयर सकाळी मारता की दुपारी? शेड उघडी आहे का?" त्याआधी दुसरीकडून आणलेला हार्डनर (रेझिन कडक व्हायला त्यात घालायचा द्रव) जुना निघाला होता. तीन फुटी मूर्तीचा साचा दुसऱ्या दिवशीही चिकट, काचतंतूंची सगळी मॅट सोलून टाकावी लागली. ती भरपाई कोणी दिली नाही.

काकांनी जे समजावलं ते वीस वर्षं काम करून मला माहीत नव्हतं. आपण हार्डनरला कॅटॅलिस्ट म्हणतो, पण तो कामात खर्च होतो. खरा उत्प्रेरक कोबाल्ट, रेझिनमध्ये घालायचा दुसरा द्रव. तो हार्डनर फोडतो, स्वतः पुन्हा पहिल्यासारखा होतो आणि पुढचं फोडायला मोकळा. त्या फुटण्यातून पॉलिएस्टरच्या साखळ्या रेझिनमधल्या स्टायरीनने एकमेकींना बांधल्या जातात, म्हणून रेझिन कडक होतं. थंडीत हे फुटणंच मंदावतं. तेव्हा नुसता हार्डनर ओतत राहू नका, आधी रेझिनचा डबा उन्हात ठेवून कोमट करा, हा त्यांचा सल्ला. आता मी थंडीत किलोला २० मिली हार्डनर घेतो, मे महिन्यात १०. मे महिन्यात २० टाकला तर ब्रश बुडवेपर्यंत डबा तापून गोठतो.

कोबाल्ट आणि हार्डनर ते एका पिशवीत कधीच देत नाहीत, कितीही घाई असो. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट, नीट ढवळायचं, मगच हार्डनर. पोऱ्याला पाठवलं तर त्याच्याकडूनही हे वदवून घेतात, आणि चष्मा आहे का विचारतात. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.

तक्रार एकच, पण मोठी. सुट्या बाटल्यांवर भरल्याची तारीख नसते. मागितली तर पेनाने लिहून देतात. ती न मागता असायला हवी, कारण जुन्या हार्डनरने माझा अख्खा साचा गेलाय.

जीपी, म्हणजे साधं रेझिन, एक-दोन हंगामांच्या साच्याला पुरतं. वर्षानुवर्षं वापरायचा साचा असेल तर आयसो, म्हणजे जास्त टिकाऊ रेझिन घ्या, महाग पडलं तरी. माझ्या आयसोच्या साच्याचा हा तिसरा हंगाम आहे, सोंडेची कड अजून शाबूत आहे.