ग्राइप: डेटाबेस शिळा झाला की स्कॅन थांबवणारा स्कॅनर

कंटेनर इमेजमधल्या (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं सॉफ्टवेअर एकत्र बांधलेल्या पॅकेजमधल्या) सुरक्षा-त्रुटी शोधणारं अँकोरचं ग्राइप हे मुक्त-स्रोत साधन, आणि त्याची सगळी भिस्त मशीनवर उतरवलेल्या, ज्ञात त्रुटींच्या डेटाबेसवर. तो रोज नव्याने बांधला जातो. मशीनवरची प्रत पाच दिवसांहून जुनी झाली की ग्राइप एरर देऊन स्कॅन नाकारतं. अनेकांना ही कटकट वाटते, पण या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच. शिळ्या डेटाबेसवर मिळालेला ‘त्रुटी नाहीत’ हा निकाल, निकालच नसण्यापेक्षा घातक असतो. म्हणून ‘व्हॅलिडेट-एज’ ही वय तपासणारी सेटिंग बंद करून वाट काढू नका, कारण शोधा.

सुरुवात ‘ग्राइप डीबी स्टेटस’ या कमांडने करा. फाइल कुठे आहे, स्कीमा (डेटाबेसच्या रचनेची आवृत्ती) कोणता आणि बांधणी कधीची, हे सगळं तिथे दिसतं. वय मोजलं जातं ते बांधणीच्या तारखेपासून. तुम्ही फाइल कधी उतरवली याला महत्त्व नाही. मशीनचं घड्याळही तपासा. ते पुढे गेलेलं असेल तर ताजा डेटाबेससुद्धा शिळा ठरतो.

‘डीबी अपडेट’ म्हणतं नवीन काही नाही, तरी तारीख जुनीच? मग बहुधा ग्राइपच जुनं आहे. प्रत्येक आवृत्ती आपल्याच स्कीमाचा डेटाबेस वाचते. 2025 मध्ये 0.88 पासून सहावा स्कीमा आला, आणि मागच्या स्कीमांची बांधणी कालांतराने थांबते. अशा वेळी ‘डीबी डिलीट’ करून काहीच साधत नाही, आवृत्ती बदलावी लागते. सीआयमध्ये (कोड आपोआप बांधून तपासणाऱ्या यंत्रणेत) आवृत्ती गोठवून ठेवणाऱ्यांना हा फटका हमखास बसतो. तिथे आधीच्या बिल्डमधून साठवलेला कॅश फोल्डर जुन्याच की-वरून (त्याच्या ओळख-नावावरून) परत येत असेल आणि ऑटो-अपडेट बंद असेल, तरीही हेच होतं.

ऑफिसच्या नेटवर्कमध्ये प्रॉक्सीचं (इंटरनेटकडे जाणाऱ्या मधल्या सर्व्हरचं) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्या. प्रॉक्सी टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणी) उघडून पाहत असेल तर तिचं रूट सर्टिफिकेट डीबीच्या ‘सीए-सर्ट’ सेटिंगमध्ये नोंदवा. डाउनलोडला मुळात 5 मिनिटांची मुदत आहे. लाइन संथ असेल तर ती वाढवा.

इंटरनेट नसलेल्या मशीनसाठी ‘डीबी इम्पोर्ट’ उत्तम चालतं. बाहेर उतरवलेली आर्काइव्ह त्याच स्कीमाची हवी, एवढी काळजी घ्या. तिथे ऑटो-अपडेट बंद ठेवा, नाहीतर फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देत असेल तेव्हा प्रत्येक स्कॅन अपडेट तपासण्यात 30 सेकंदांपर्यंत अडकतो. फाइल आणण्याचं काम मात्र पाच दिवसांच्या आत पुन्हा होईल असं वेळापत्रकात बसवा.

एक गोष्ट खटकते. अपडेट तपासता आलं नाही तर ग्राइप मुळात फक्त इशारा देतं आणि पाच दिवसांच्या आतल्या प्रतीवर स्कॅन पुढे रेटतं. सीआयच्या लांबलचक लॉगमध्ये तो इशारा कोणी वाचत नाही. इंटरनेट असलेल्या बिल्ड सर्व्हरवर ‘रिक्वायर-अपडेट-चेक’ ही सेटिंग चालू करा, म्हणजे अपडेट तपासता आलं नाही की बिल्ड तिथेच थांबेल.