धडगावची ऊसतोड शोधताना: स्कॉलर, स्कोपस आणि शोधगंगा

मी शहाद्यात राहून समाजकार्यात पीएच.डी. करतेय. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातली पावरा आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला गेली की मुलांच्या शाळेचं काय होतं, हा विषय. आठ महिने संदर्भ शोधतेय.

सगळ्यात जास्त हाती लागलं ते गूगल स्कॉलरवर, म्हणजे गूगलच्या शोधनिबंध शोधायच्या सेवेवर. स्कोपस, म्हणजे निवडक नियतकालिकांतल्या लेखांचा डेटाबेस, नेहमीच्या शोधात शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एवढंच बघतं; स्कॉलर लेखाच्या पोटात शिरतं. आपल्या पाड्यांची नावं शीर्षकात कोण घालतंय? ती असतात आत कुठेतरी, एखाद्या तक्त्यात. मी 'मायग्रेशन'सोबत 'कोयता' हा शब्द रोमन लिपीत टाकला, तेव्हा कुठे सारांशात नुसतं 'हंगामी मजूर' म्हणणारे लेख वर आले.

शब्द मात्र बदलून बदलून टाकावे लागतात. 'पावरा' इंग्रजीत कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने, कुणी मध्ये जास्तीचा ए घालतं. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधीचं सगळं धुळ्याच्या नावावर, तेही कधी 'धुलिया' असं. आणखी मागे गेलात तर 'वेस्ट खानदेश'. हे ध्यानात यायला माझे दोन महिने गेले.

स्कॉलरला चाळणी नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या एका नियतकालिकातला लेख मी घेतला, सरांनी लाल पेनाने आख्खा परिच्छेद काढला. बरोबरच होतं त्यांचं, किती कुटुंबांशी बोलले तेसुद्धा त्यात नव्हतं. अशा वेळी स्कोपसवर जास्त भरवसा वाटतो, पण त्याला वर्गणी लागते. मी पुण्याला मैत्रिणीच्या संस्थेत बसून पाहिलं. 'सोशल वर्क अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स' हा डेटाबेस खास आपल्या विषयाचा, अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या संघटनेने उभारलेला. माझ्या कामाचं त्यात फारसं नव्हतं.

शोधगंगा मात्र सोडू नका. भारतातल्या विद्यापीठांच्या पीएच.डी. प्रबंधांचा हा ऑनलाइन साठा, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचा, फुकट. प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतो, त्यामुळे मोबाईलच्या नेटवरही उतरतो. मराठी प्रबंध कितीतरी वेळा नुसते स्कॅन केलेले असतात, आत शब्द शोधता येत नाही. अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचायची, संदर्भसूची तर ओळ न् ओळ. अशाच एका सूचीत मला साखरशाळेच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ भरणाऱ्या शाळेच्या, हजेरीवरचा जुना अहवाल सापडला. जिल्हा: धुळे. स्कॉलरवर, स्कोपसवर त्याचं नावही नाही. प्रत बघायला सोमवारच्या एसटीने धुळ्याला निघालेय.