वंध्यत्वावरील लेझर उपचार : पणजीतील एका केंद्राचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात, मूल व्हावे म्हणून, मी पणजीतील एका खासगी केंद्रात कमी तीव्रतेच्या लेझरच्या दहा बैठका घेतल्या. माझे वय ३७ आहे, लग्नाला सहा वर्षे झाली आहेत, आणि नोकरी सांभाळून दर आठवड्याला फोंड्याहून कदंब बसने जाऊन येणे सोपे नव्हते. तरीही तेथील परिचारिकांची वागणूक फार मायेची होती, हे प्रथम नोंदवते. डोळ्यांवर संरक्षक चष्मा, मग मान, ओटीपोट आणि कंबर येथे यंत्राचे टोक टेकवून अर्धा तास प्रकाश. चटका नाही, वेदना नाही. पाळीतल्या कळा कमी झाल्या, कंबरही हलकी झाली.

या उपचाराचा उगम जपानचा आहे. टोकियोतील डॉ. तोशिओ ओशिरो १९९६ मध्ये एका रजोनिवृत्त स्त्रीच्या कंबरदुखीवर ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर देत असता तिची पाळी पुन्हा सुरू झाली, आणि त्यावरून त्यांनी तो वंध्यत्वासाठी वापरून पाहिला. त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, इतर उपायांनी यश न आलेल्या ७४ स्त्रियांपैकी १६ जणींना दिवस गेले आणि ११ जणींना मूल झाले. मात्र तेथे लेझर पूरक उपचार म्हणून दिलेला होता, आणि तुलनेसाठी लेझर न घेतलेल्या स्त्रियांचा गट नव्हता. केंद्रात आकडे ऐकायला मिळतात, ही मर्यादा ऐकायला मिळत नाही.

बीजांडपेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका लाखाच्या घरात असतात, वयाबरोबर त्या मंदावतात, आणि हा प्रकाश त्यांना चालना देतो, असा यामागचा तर्क आहे. तो मला पटतो. परंतु पोटावरून दिलेला प्रकाश खोल असलेल्या अंडाशयापर्यंत कितीसा पोहोचत असेल, या माझ्या प्रश्नाला तेथे उत्तर मिळाले नाही.

माझी खरी तक्रार याहून मोठी आहे. पहिल्या भेटीत माझा एएमएच (अंडाशयातील बीजांडांचा साठा दर्शवणारी रक्ततपासणी) अहवाल पाहिला गेला आणि दहाही बैठकांचे पैसे आगाऊ घेतले गेले, पण गर्भनलिका मोकळ्या आहेत का, यजमानांची वीर्यतपासणी झाली आहे का, हे कोणीही विचारले नाही. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करूनही दिवस न गेल्यास दोघांच्याही तपासण्या कराव्यात, हा सर्वमान्य वैद्यकीय सल्ला आहे. सातव्या बैठकीनंतर मीच आग्रह धरला, तेव्हा यजमानांच्या शुक्राणूंची संख्या फारच कमी निघाली. माझ्या अंडाशयावर कितीही प्रकाश पाडला असता, तरी ती उणीव भरून निघणार नव्हती. पैशांपेक्षा ते अडीच महिने मला जास्त लागले आहेत, कारण या वयात ते परत मिळत नाहीत.

आता आम्ही बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात जातो, जेथे २०२३ पासून आयव्हीएफची (शरीराबाहेर बीजांड फलित करण्याच्या उपचाराची) विनामूल्य सोय आहे. तेथे पहिल्याच दिवशी दोघांचे केसपेपर काढले गेले, आणि डॉक्टरांनी आधी यजमानांना आत बोलावले.